अर्धा टक्का म्हणजे शून्य नव्हे

हिवाळा लागला की आपल्या मंडळांतून आणि देवळांच्या युवक-समित्यांतून रानात तंबू ठोकून दोन रात्री काढण्याच्या सहली निघतात. त्यांच्या सामानाच्या याद्या आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. तांदूळ, डाळ, कांदे, दोरखंड, विजेऱ्या यांच्या खाली अलीकडे एक नवी ओळ दिसते: ‘बियर, बिनअल्कोहोलची, दोन खोकी.’ या एका ओळीवरून किती घरांत आणि किती सभामंडपांत शब्दाला शब्द लागला असेल याची गणती नाही. एका बाजूला वडीलधारी मंडळी. त्यांचा सारा युक्तिवाद कोकणीच्या एका वाक्यात मावतो: “सोऱ्याचो वास आयलो म्हळ्यार तो सोरोच!” दुसऱ्या बाजूला तरुण. त्यांचे म्हणणे याहूनही आखूड आहे. डब्यावर अल्कोहोलरहित असे छापले आहे ना, मग तंटा कसला?

मला या दोन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे, पण सारख्याच जोराने नव्हे. वडिलांची चूक वस्तूचा गुण न तपासण्याची आहे आणि ती थोडक्यात निस्तरता येते. तरुणांची चूक मात्र मला अधिक गंभीर वाटते, कारण ज्यांना वाचता येते त्यांनीच न वाचल्यामुळे ती घडते, आणि तिचा भार तिसऱ्याच माणसावर पडतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बार्लीला मोड आणावेत, ते वाळवून भरडावेत, ऊन पाण्यात भिजवून त्यांचा गोड रस काढावा, त्यांत हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळावे, आणि रस निवल्यावर यीस्ट सोडून तो आंबवावा. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क सोडते. एवढे झाले की बियर झाली. बिनमद्यार्काची करावयाची तर वाटा तीन. पहिली, आंबवण मध्येच रोखावयाची, किंवा असे यीस्ट वापरावयाचे की ज्याला या रसातील बहुतेक साखर पचतच नाही. दुसरी, पुरती बियर तयार करून तिच्यातून मद्यार्क काढून घ्यावयाचा. मद्यार्क एरवी ७८ अंशांच्या सुमारास उकळतो, परंतु पात्रातील हवा काढून दाब उतरवला की तो फार कमी उष्णतेवर निघून जातो आणि चव करपत नाही. किंवा दाब देऊन अतिसूक्ष्म पडद्यातून बियर गाळून तो वेगळा करतात. तिसरी वाट सर्वांत सोपी: मुळात आंबवायचेच नाही. माल्टचा रस, साखर, स्वाद आणि वायू भरला की बियरसारखे काही तरी तयार होते. या निरनिराळ्या रीतींची पेये आपल्या दुकानांत एकाच फळीवर, एकाच नावाखाली मांडलेली असतात. घोळाचे मूळ येथे आहे. पहिल्या दोन रीतींत थोडा मद्यार्क बहुधा मागे राहतो. तो किती राहू द्यावयाचा, हा प्रश्न बियर करणाऱ्याच्या खर्चाचा आणि देशोदेशींच्या कायद्याचा आहे.

आता वडीलधाऱ्यांशी. मागे राहणारा हा मद्यार्क बहुतेक ठिकाणी शेकडा अर्ध्याच्या आत असतो. ३३० मिलिलिटरच्या डब्यात अर्धा टक्का म्हणजे १.६५ मिलिलिटर. पाच टक्क्यांच्या साध्या बियरच्या तेवढ्याच डब्यात साडेसोळा मिलिलिटर. म्हणजे एका बियरइतका मद्यार्क पोटात जाण्यासाठी या पेयाचे दहा डबे, तीन लिटरहून अधिक, रिचवावे लागतील, आणि ते रिचवून होईपर्यंत पहिल्या डब्यांतील मद्यार्क शरीराने बव्हंशी निकालात काढलेला असेल. मोटार चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हेगार, असे मोटार-वाहन कायदा सांगतो. या पेयाने निरोगी माणूस त्या रेषेच्या जवळपासही जात नाही. तेव्हा ‘नशा चढेल’ हा आक्षेप टिकत नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात राज्याला मद्यबंदीचे जे धोरण सांगितले आहे, तेथेही शब्द ‘मादक पेये’ असाच आहे, हे ध्यानात घ्यावे.

राहिला वासाचा मुद्दा. शास्त्राचा आधार हवा असेल तर मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार मानले आहेत. धान्याच्या पिठाची ती पैष्टी. म्हणजे बियर त्या कुळीची, हे मी कबूल करतो. पण सुरेला सुरापण येते ते आंबवल्याने. बार्लीचा उकळलेला कडू रस हा नुसता काढा आहे. आणि ही गोष्ट कोकणाला शिकवावी लागू नये. चुना लावलेल्या मडक्यात पहाटे उतरवलेली नीरा घरातल्या मुलांनाही देतात. तीच दुपारपर्यंत साध्या मडक्यात राहिली तर ताडी होते. झाड तेच आणि रसही तोच. आपल्या पूर्वजांनी रेघ ओढली ती वासावर नव्हे, आंबण्यावर. (उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य चालतो आणि आपल्याकडच्या शांतादुर्गेला चालत नाही, यावरून कोणी कोणाला धर्म शिकवावा हा वाद मी इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांवर सोपवतो.)

येथवर तरुण मंडळी खूश झाली असतील. आता त्यांची पाळी.

त्यांचा आवडता दाखला केळ्याचा. अति पिकलेल्या केळ्यातही थोडा मद्यार्क असतो, पावात असतो, फळांच्या रसात असतो; मग डब्यातल्या अर्ध्या टक्क्याचा एवढा बाऊ का? दाखला खरा आहे. मात्र तो येथे लागू पडत नाही. केळे स्वतःला अल्कोहोलरहित म्हणवत नाही. केळ्याच्या सालीवर कोणी मोठ्या अक्षरांत तशी ग्वाही छापलेली नसते, आणि तिच्यावर विसंबून कोणी केळे उचललेले नसते. माझी तक्रार त्या दीड मिलिलिटरविषयी नाही. ‘रहित’ या शब्दाविषयी आहे. मराठीत ‘रहित’ म्हणजे नसलेले. अपत्यरहित माणसाला अर्धे अपत्य नसते. जेथे वस्तू थोडी का होईना आहे, तेथे ती नाही असे छापणे हे असत्य होय, आणि असत्य लहान असले म्हणून त्याची जात बदलत नाही.

हा अर्धा टक्का आला तरी कोठून? तो वैद्यकाने शोधलेला नाही. अमेरिकेने १९१९ साली दारूबंदीचा व्होल्स्टेड कायदा केला, तेव्हा अर्धा टक्का वा त्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मादक समजावे असे ठरवले. बियरवाल्यांनी तत्काळ त्याच्या किंचित खाली उतरणारे पेय काढले. लोक त्याला ‘जवळपास बियर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. १९३३ साली बंदी उठली, पण तो आकडा मागे राहिला. शासनाच्या सोयीचा आकडा पुढे जणू निसर्गाचा नियम होऊन बसला. म्हणून तर देशोदेशी तो एक नाही. जर्मनीत अर्धा टक्काच चालतो. १९७९ साली फ्रँकफुर्टहून निघालेली क्लाउस्टालर ही बिनमद्यार्काची बियर त्याच हिशेबाची. जपानच्या मद्यकराच्या कायद्यात एक टक्क्याच्या खालचे पेय मद्यच नव्हे. २०१८ च्या ब्रिटिश सरकारी मार्गदर्शनाने ‘अल्कोहोल-फ्री’ हा शब्द ०.०५ टक्क्यांपर्यंतच्या पेयापुरता राखला, म्हणजे जर्मनीच्या दहाव्या हिश्श्यावर आणला. एकच शब्द टोकियोत एक सांगतो, बर्लिनमध्ये दुसरे आणि लंडनमध्ये तिसरे. अशा शब्दावर विसंबून जो दोन खोकी उचलतो त्याने बियर निवडली असे मी म्हणणार नाही. त्याने फक्त पैसे दिले.

आणि गंमत पाहा. हा अर्धा टक्का ज्या अमेरिकेने जन्मास घातला, तिनेच पुढे शब्दांचा निवाडा नीट केला. तेथे माल्टच्या पेयावर ‘नॉन-अल्कोहोलिक’ असे छापावयाचे तर त्याच्या लगतच ‘अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यार्क’ हे शब्द छापणे भाग आहे, आणि ‘अल्कोहोल-फ्री’ हे शब्द ज्यात मद्यार्क मुळीच नाही त्यालाच लावता येतात. आपल्याकडे काय आहे? खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यपेयांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी मद्यपेय म्हणजे अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्काचे पेय, अशी व्याख्या केली. तेथे अर्धा टक्का ही मद्याच्या आरंभाची रेघ आहे. त्या रेघेच्या अलीकडे सर्व काही शून्य आहे, असे विनियमांनी म्हटलेले नाही. ‘मद्य नव्हे’ आणि ‘मद्यार्क नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले कायद्याने खरे करता येते. दुसरे कोणत्याही कायद्याने खरे करता येत नाही. ते बाटलीत काय आहे यावर अवलंबून असते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सीमेवरच्या वाचकांसाठी आणखी थोडे सांगतो. पणजी-म्हापशाची मंडळी आंबोलीला तंबू घेऊन जातात ती बांद्यावरून. बेळगावची जातात ती शिनोळीवरून. दोन्ही वाटांनी माणूस महाराष्ट्रात शिरतो, आणि तेथे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने उभा आहे. वडोदऱ्याच्या वाचकांच्या दाराशी तोच कायदा गुजरातच्या नावाने उभा आहे, आणि अधिक कडक आहे. त्या कायद्यातील ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या वाचावी: स्पिरिट, वाइन, बियर, ताडी आणि ‘मद्यार्काचे बनलेले अथवा मद्यार्क असलेले सर्व द्रव’. टक्केवारीचा तळ तेथे आखलेला नाही. हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो १९५१ साली, मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात. औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंपुरती काही कलमे न्यायालयाने रद्द ठरवली. परंतु ‘मद्य’ या शब्दात केवळ नशा आणणारी पेयेच नव्हेत, तर मद्यार्क असलेले सर्व द्रव येऊ शकतात, हा व्यापक अर्थ त्याने उचलून धरला. एखादा शिपाई अर्ध्या टक्क्याच्या डब्यावरून देवळाच्या मुलांना नाक्यावर बसवून ठेवील असे मी म्हणत नाही. पण अन्नाच्या कायद्याची व्याख्या नाक्यावर दाखवून सुटका होईल, अशी खात्री कोणी वकील देत असेल तर त्याचा सल्ला फी परत मागून सोडून द्यावा. दोन कायदे दोन हेतूंनी दोन रेषा ओढतात. ज्याला दोन्हींच्या पलीकडे राहावयाचे आहे त्याने डब्यावर ‘०.०’ आहे की ‘०.५ हून कमी’ आहे, हे बारीक अक्षरांत पाहावे.

हे सारे मी एखाद्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दहा ओळींत लिहून मोकळा झालो असतो. तसे केले नाही, याला कारण आहे.

मागच्या हिवाळ्यात आंबोलीच्या पठारावर आम्ही चौदा जण होतो. त्यांत एक गृहस्थ होते, सहा वर्षांपूर्वी दारू सोडलेले. सोडली म्हणजे बायकोपाशी शब्द दिला आणि सोडली असे नव्हे. कुलदेवतेच्या पुढ्यात नारळ ठेवून, पुरोहिताकरवी संकल्प सोडून सोडली. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांना त्यामागे किती रात्री जातात हे सांगावयास नको. शेकोटी पेटली, डबे फिरले. आयोजकांनी त्यांच्या हाती एक दिला आणि म्हटले, “घ्या, यांत काही नसते.” अर्धा डबा संपल्यावर या गृहस्थांनी, सवयीने असावे, विजेरी लावून मागची अक्षरे वाचली. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिले होते की मद्यार्क अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यांनी डबा दगडावर ठेवला. कोणाला काही बोलले नाहीत. उरलेली रात्र त्यांनी चुलीवरचे ऊन पाणी पिऊन काढली. सकाळी मजपाशी येऊन हळूच विचारले, “वकीलबाब, मोडला की नाही?”

कायद्याचे उत्तर माझ्यापाशी तयार होते. १८७२ च्या करार कायद्याचे १८ वे कलम असे सांगते की एखादी गोष्ट खरी नसताना, आणि ती खरी आहे असे म्हणण्याइतकी माहिती आपणापाशी नसताना, ती ठामपणे सांगणे म्हणजे चुकीचे निवेदन. मग सांगणाऱ्याचा तिच्यावर कितीही विश्वास असो. ‘यांत काही नसते’ हे त्याचे आदर्श उदाहरण आहे. अशा निवेदनाने मिळवलेली संमती बंधनकारक नसते. म्हणून तुम्ही प्यालात ते तुमच्या इच्छेने प्यालात असे होत नाही. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. पण देवाच्या दारात करार कायदा चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. सहा वर्षांच्या हिशेबात ते चार घोट कोणत्या बाजूस मांडावयाचे, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सोडवावा लागला.

शरीराला काही झाले नाही, हे खरे. पण संकल्प हा शरीराचा व्यवहार नव्हेच. एकादशी करणाऱ्याच्या पानात कोणी साबुदाण्याच्या खिचडीत चार दाणे तांदळाचे टाकले तर त्याची प्रकृती बिघडत नाही. तरी ते टाकणाऱ्याला आपण निर्दोष म्हणत नाही. काय घ्यावे, काय टाळावे याची रेघ ज्याची त्याने ओढावयाची असते, आणि तिच्यासाठी त्याला खरी माहिती द्यावी एवढेच इतरांचे काम असते. आयोजकांनी नेमके तेच काढून घेतले. शिवाय हा केवळ संकल्पाचाच प्रश्न नाही. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम घेणाऱ्या रोग्याला डॉक्टर चटण्या-सॉसांतल्या आणि गुळण्या करण्याच्या औषधांतल्या किरकोळ मद्यार्कापासूनही जपावयास सांगतात. गरोदर स्त्रीला कोणतेही प्रमाण निश्चित निर्धोक म्हणून सांगता येत नाही. आणि ज्याने दारू सोडली आहे त्याला मद्यार्क मुळीच नसला तरी तो कडू वास, तो फेस, डबा उघडताना होणारा तो आवाज जुन्या वाटेवर ओढू शकतो. म्हणून त्याला आधी विचारावे. सर्वांसमक्ष नव्हे, एकट्याला.

हा विचार घरच्या बैठकीपेक्षा तंबूत अधिक करावा लागतो. घरात नको असेल तर माणूस उठून स्वयंपाकघरात जातो, चहा टाकतो, नाही तर कोपऱ्यावर जाऊन शहाळे पितो. पठारावर रात्री नऊ वाजता दुसरा पेला नसतो. खोक्यात जे आहे तेच साऱ्यांचे पेय, आणि जो ते घेत नाही त्याच्याकडे तेरा माणसे शेकोटीच्या उजेडात पाहत असतात. ‘का हो, आज नको?’ हा प्रश्न तीनदा आला की चौथ्यांदा माणूस डबा उघडतो. म्हणूनच रानातली निवड रानात होतच नाही. ती आधी चार दिवस शहरातल्या दुकानात, त्या फळीपुढे झालेली असते. यादी लिहिणारा माणूस चौदा जणांच्या वतीने निवडतो. वकिलाच्या भाषेत बोलायचे तर तो विश्वस्त आहे.

मुलांचाही प्रश्न आहे, आणि त्यावर माझे मत वडीलधाऱ्यांच्या बाजूला झुकते. यांतल्या कित्येक डब्यांवर खऱ्या बियरचेच नाव आहे, तीच अक्षरे, तोच मुकुट नाही तर तोच तारा. फक्त कोपऱ्यात ‘०.०’ अधिक. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात १९९४ च्या केबल नियमांनी बंद केली, तेव्हा त्याच नावाचे सोडे, त्याच नावाच्या संगीताच्या तबकड्या बाजारात आल्या. २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडवळणाच्या जाहिरातीस मनाई केली. या डब्यांतले पेय खरोखरच विकावयाचे आहे, म्हणून हा डबा म्हणजे नुसती आडून केलेली जाहिरात, असे मी म्हणत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला तर ते मूल चव शिकते आणि चिन्हही शिकते. पुढे तेच चिन्ह पाच टक्क्यांच्या बाटलीवर दिसले की ते त्याच्या ओळखीचे असते. देवळाच्या सहलीने ही ओळख करून देण्याचे कारण नाही. मुलांसाठी भिरंडांचे आगळ न्यावे. एक बाटली बारा-पंधरा जणांना पुरते, पाण्यात घातले की झाले, त्यातले मीठ चढ चढून घामाघूम झालेल्या अंगाला हवेच असते. (मी येथे आगळाची दलाली करण्यास बसलेलो नाही; पण हे खरे आहे.)

तेव्हा बियर न्यायचीच असेल तर कोणती? ‘०.०’ छापलेली, दुसरी नाही. येथे कोणी चाणाक्ष तरुण मला अडवील: एका दशांशाच्या शून्यात ०.०४ ही लपू शकते, मग तुमचे शून्य तरी कोठे शुद्ध आहे? शंका रास्त आहे. ज्याचा संकल्प कडक आहे त्याने न आंबवलेल्या माल्टचे पेय घ्यावे. घटकांची यादी आणि कृतीचा उल्लेख वाचला की बहुधा ते ओळखता येते. इतरांना अर्धा टक्का आणि अर्ध्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी यांतला भेद पुरेसा आहे. मात्र न आंबवलेल्या पेयात साखर बरीच असते, कारण ती खाणारे यीस्टच नसते. घरात मधुमेह असलेल्यांनी मागचा तक्ता पाहावा. उघडलेला डबा सकाळसाठी ठेवू नये. मद्यार्क नसल्याने तो लवकर बिघडतो. आणि तहान भागवण्यास पाणीच वेगळे न्यावे; बियरच्या हिशेबात पाणी कमी करणारे आयोजक मी पाहिले आहेत.

काचेच्या बाटल्या तर नकोतच. मोले किंवा तांबडी सुर्लाच्या रानात आणि चोर्ला घाटातल्या धबधब्यांपाशी कड्याकपारींत चमकणारी काच ज्याने पाहिली आहे त्याला याचे कारण विचारावे लागणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे २७ वे कलम अभयारण्यात कचरा टाकण्यास मनाई करते, आणि ते कलम बाटलीत मद्य होते की नव्हते असे विचारीत नाही. बारा शतके नव्हे तरी आठ शतके उभ्या असलेल्या महादेवाच्या त्या देवळापुढे ‘०.०’ ची फुटकी बाटली पाच टक्क्यांच्या बाटलीपेक्षा कमी धारेची नसते. कॅन न्यावेत, चेपून परत आणावेत.

शासनाकडे माझे मागणे एवढेच की ‘अल्कोहोलरहित’ हा शब्द शून्यापुरता राखावा, आणि जेथे अर्ध्या टक्क्याच्या आत काही उरते तेथे तो आकडा नावाच्याच आकाराच्या अक्षरांत, नावाच्याच शेजारी आणि राज्याच्या भाषेत छापावा. बियरवाले म्हणतील की ग्राहक बिचकेल. बिचकू द्यावा. ज्याला चालते तो घेईल आणि ज्याला चालत नाही तो ठेवील. दोघेही वाचून ठरवतील. कायदा होईपर्यंत याद्या लिहिणे आपल्याच हाती आहे. ‘बियर, बिनअल्कोहोलची, दोन खोकी’ ऐवजी ‘०.०, कॅन, एक खोके. आगळ, दोन बाटल्या. पिण्याचे पाणी, माणशी रोजचे चार लिटर’ असे लिहिण्यास शाई फार लागत नाही.

शेवटी पैशाचे. ही खोकी देवस्थानच्या निधीतून घेण्याचा प्रघात काही ठिकाणी सुरू होऊ पाहत आहे, ‘इतर खर्च’ या सदरात. गोव्यातली महाजनांची देवस्थाने १९३३ च्या नियमावलीखाली चालतात, महाराष्ट्र-गुजरातेतले न्यास १९५० च्या कायद्याखाली. शब्द निराळे असले तरी तत्त्व एकच आहे की पैसा ज्या उद्देशाने आला त्याच उद्देशावर तो खर्च व्हावा. कोणा म्हातारीने पदराच्या गाठीचे शंभर रुपये नंदादीपाच्या तेलासाठी दिलेले असतात. त्यांतून सरबत घेतले तरी हिशेबतपासनिसाने आक्षेप घ्यावा, मग बियर तर दूरच राहिली, ती शून्य टक्क्याची का असेना. प्रत्येकाने आपल्या डब्याचे पैसे खिशातून काढून खजिनदारापाशी निघण्याआधी जमा करावेत, आणि खजिनदाराने त्याची पावती वेगळ्या पुस्तकात फाडावी.